बाहेरचं दार

शाहू मार्केट यार्डात पहाटे पाचला
मी सडके बटाटे मागते
तेव्हा रंगराव हमाल आता हसत नाही.
पहिल्या वर्षी म्हणाला होता,
ताई, चांगलं घ्या की, सडकं कशाला?
आता तोच निवडून ठेवतो
गोणपाटाच्या तुकड्यावर,
पाणी सुटलेले, बोट लावलं की आत जाणारे.
वासावरनं सांगतो:
ह्यो तुमचा न्हवं, ह्यो बुरशीचा.
बहुतेक वेळा बरोबर असतो.

डिकीत तो वास घेऊन मी विद्यापीठाचा चढ चढते.
रस्त्यात मोर आडवा आला तर थांबते.

काचपट्टीवर माझा जंतू गुलाबी दिसतो.
जांभळा धुऊन जातो, कारण भिंत पातळ,
आणि भिंतीच्या बाहेर आणखी एक पडदा.
दोन पडदे, मध्ये बोळ.
गंगावेशीतल्या बोळासारखी, असं लिहिणार होते,
पण तिथं निदान चहाची गाडी लागते.
इथं इंधनाचा थेंब नाही.

जंतूला तोंड नसतं. तो बाहेर जेवतो.
आधी कात्री पाठवायची,
बटाट्याच्या पेशींचे सांधे उसवायचे,
मग विरघळलेलं आत ओढायचं.
पण ही कात्री आत असते तेव्हा कात्री नसते,
नुसता दोरा.
पहिल्या दारातून ओवून घेतात तिला,
आणि पुढचं टोक कापून ठेवतात,
तिकिटाचा कोपरा फाडावा तसं.
बोळात आल्यावर ती अंग दुमडते,
घडते, धार येते.
दुसरं दार मग घडलेल्यालाच उघडतं.

उघडायला हवं.

बावन्न नंबरच्या ठिपक्याभोवती
वलय नव्हतं.
शेजारच्या सगळ्यांनी थाळीवर
आपापलं अंगण साफ केलं होतं.
'बनवतच नसेल,' शबनम जमादार म्हणाली.
आम्ही त्याला आवाजाच्या लाटांनी फोडलं.
बनवत होता.
बोळ कात्र्यांनी गच्च भरलेली,
सगळ्या धारदार,
एकीनंही काही कापलेलं नाही.

शनिवारी वडिलांनी विचारलं, काय चाललंय तुझं.
केरबा सुतार, उद्यमनगर,
एकतीस वर्षं लेथवर, ऑइल इंजिनाचे पिस्टन.
मी लाईट बिलाच्या मागं काढून दाखवलं:
हा पडदा, हा पडदा,
मध्ये खालून वर वाढणारा हा दट्ट्या,
हा प्रथिनाला ढकलतो.
चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बराच वेळ पाहिलं.
'पंप हाय की ह्यो.'
मग पेन्सिल माझ्या हातातून घेतली.
'दट्ट्याला जोर कोण देतंय?
मधी तर काय न्हाई म्हणतीस.'
आतून, म्हटलं. आतल्या पडद्याच्याही आतून.
'म्हंजे इंजिन भिंतीपल्याड, शाफ्ट हिकडं.'
हो.
'मग बावन्नचा दट्ट्या मोडलाय का दार?'

हा प्रश्न नीट विचारायला मला
अकरा महिने आणि दोन समित्या लागल्या होत्या.
अजून माहीत नाही, म्हटलं.
त्यांनी दट्ट्या आणि दाराच्या मध्ये
केसाएवढी फट काढली
आणि शेजारी माप लिहायला जागा सोडली.

फेलोशिप जूनपासून बंद आहे
हे मला त्याच वेळी सांगायचं होतं.
वाक्य तयार होतं.
चार वेळा घडी घातलेलं, कोपरे जुळवलेलं.

'बटाटं इकत घेतीस व्हय?'
नाही, रंगराव तसेच देतो.
'बरं हाय मग,' म्हणाले,
आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायला गेले,
तिथंच उभे राहिले थोडा वेळ, नळ चालू ठेवून.

मी बिल घडी करून पर्समध्ये टाकलं. भरायचं राहिलंय.

सकाळी डिकी उघडली.
यार्डातली पिशवी रात्रभर आतच विसरले होते.
गाठ पक्की होती, माझीच, दुहेरी.
तरी पाणी बाहेर आलं होतं,
टूलकिटखाली, रबरी कडेवरून,
फरशीवर एक ओला ठिपका
आणि त्याच्याभोवती माश्या.